रवांडाची कादंबरी आणि नाकाचा प्रश्न

मंडळाच्या अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आफ्रिकेतील एखादा छोटा देश आणि कादंबरीतील त्याचे चित्र यांवर बोलायला मला सांगण्यात आले, तेव्हा मी रवांडा निवडला. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढा. हुतू, तुत्सी आणि त्वा या तिन्ही समाजांची भाषा एकच, किन्यारवांडा. तरीही बाहेरच्या जगाच्या लेखी त्याच्या इतिहासात एकच वर्ष आहे. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली बहुतेक तुत्सी होती.

आपल्यापैकी अनेकांनी रवांडा पाहिला तो २००४ च्या ‘हॉटेल रवांडा’ या चित्रपटात, आणि त्याचेही चित्रीकरण मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत झाले होते. चित्रपटाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु त्यात कत्तल एखाद्या वादळासारखी येते, आणि तिच्याआधी त्या घराघरांत काय चालले होते हे प्रेक्षकाला फारसे कळत नाही. रवांडाच्या लेखिका स्कोलास्तिक मुकासोंगा यांची ‘नोत्र-दाम द्यु नील’, म्हणजे ‘नाईलची माता’, ही कादंबरी नेमकी तेथे शिरते.

मुकासोंगा यांचा जन्म १९५६ चा. लहानपणीच त्यांच्या कुटुंबाला इतर तुत्सींबरोबर न्यामाता या ओसाड भागात हाकलण्यात आले. १९७३ मध्ये त्यांना शिक्षण सोडून शेजारच्या बुरुंडीत पळावे लागले, आणि १९९४ मध्ये मागे राहिलेले आईवडील व बहुतेक आप्त मारले गेले. असे असूनही २०१२ साली आलेली आणि त्याच वर्षी फ्रान्सचा रनोदो साहित्य पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी १९९४ पर्यंत येतच नाही. ती घडते १९७० च्या दशकाच्या आरंभी, नाईलच्या उगमाजवळ सुमारे २५०० मीटर उंचीवरच्या मुलींच्या एका कॅथॉलिक निवासी शाळेत. मंत्र्यांच्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या मुली तेथे शिकतात, आणि तुत्सी मुलींसाठी ठरावीक टक्केवारीच्याच जागा असतात. मुली केस सारखे करतात, घरून आलेला खाऊ वाटून खातात, लग्नाच्या गप्पा मारतात. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की कोणाच्या पंक्तीला कोण बसते याची नोंद सतत घेतली जात आहे.

शाळेजवळ मेरीची काळ्या रंगवलेली मूर्ती आहे. पुढाऱ्याच्या ग्लोरिओसा नावाच्या मुलीला त्या मूर्तीचे नाक तुत्सी वाटते. ते फोडून बहुसंख्याकांचे, म्हणजे हुतूंचे, नाक बसवावे असे तिच्या मनात येते. ती मैत्रिणीला घेऊन जाते, दोघी चिखलात माखून परततात, आणि कपडे का मळले हे सांगण्यासाठी ग्लोरिओसा आपल्यावर तुत्सी घुसखोरांनी हल्ला केल्याची थाप मारते. त्या थापेवर सैनिक धावून येतात. एका शाळकरी मुलीच्या बढाईखोर खोटेपणातून राज्ययंत्रणा कशी हलू लागते, हे मला इतके स्वच्छ इतरत्र वाचायला मिळालेले नाही.

हे नाक मुकासोंगा यांच्या कल्पनेतून आलेले नाही. इंग्रज प्रवासी जॉन स्पीक याने १८६३ मध्ये असा तर्क मांडला की या प्रदेशातले राज्यकर्ते इथिओपियाकडून आलेल्या वेगळ्या वंशाचे असावेत. पुढे हाच तर्क तुत्सींना लावला गेला, बेल्जियन अमदानीत नाके-कवट्या मोजल्या गेल्या आणि १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का बसला. कादंबरीत एक गोरा मळेवाला तुत्सी मुलींना प्राचीन इजिप्तच्या वंशज मानून त्यांच्याकडून देवी-राण्यांची सोंगे करून घेतो. हे पात्र हास्यास्पद आहे, पण निरुपद्रवी नाही.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या जातींची नाके मोजून त्यांची प्रतवारी लावली होती, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाकांच्याच मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशाचे ठरत नाहीत, असे दाखवून दिले. मोजपट्टी तीच, हात निराळा.

गाएल फाय यांची २०१६ ची ‘पती पेई’, म्हणजे ‘छोटा देश’, ही कादंबरी शेजारच्या बुरुंडीत घडते. लेखकाची आई रवांडाची. कादंबरीच्या आरंभीही मुलगा वडिलांना विचारतो, की हुतू आणि तुत्सी या दोघांचा देश एक, भाषा एक, देव एक, मग ते भांडतात कशासाठी? वडील सांगतात, त्यांचे नाक सारखे नाही म्हणून. पुढे ती कादंबरी मला थोडी अतिगोड वाटली, पण ही सुरुवात विसरता येत नाही.

बाहेरच्याने लिहूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. सेनेगलचे बुबाकार बोरिस दियोप १९९८ मध्ये इतर आफ्रिकी लेखकांबरोबर रवांडात गेले आणि २००० मध्ये त्यांची ‘मुरांबी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. परदेशातून परतलेल्या नायकाला तीत कळते की मुरांबीच्या शाळेतली कत्तल आपल्याच डॉक्टर वडिलांनी घडवून आणली. दियोप यांनी ऐकून लिहिले. आवाज चढवला नाही.

रवांडात एक म्हण आहे: देव दिवसभर कुठेही हिंडला तरी रात्री मुक्कामाला रवांडातच येतो. ‘नाईलची माता’च्या शेवटी देश सोडून निघालेली तुत्सी मुलगी व्हर्जिनिया हीच म्हण पुढे नेते. ती म्हणते, देव हिंडायला गेला होता तेव्हा मृत्यूने त्याची जागा बळकावली, आणि तो परतला तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावून घेतले.