बाळी की घड?

नमस्कार श्रोतेहो.

द्राक्षबागेत जाण्याचा योग आला, तर एक गोष्ट जरूर शोधा. तारेला विळखा घालून वेलीला धरून ठेवणारी ती दोऱ्यासारखी बाळी असते ना, तिच्याच एखाद्या फाट्यावर कधीकधी दोन-तीन मणी लटकलेले दिसतात. धड बाळी नाही, धड घड नाही. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार ते पाहून चुकचुकतो आणि म्हणतो, "घड जिरला." प्रयोगशाळेतला माणूस हेच जरा लांबवून सांगेल: बाळी आणि घड मुळात एकाच कोंबातून निघतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुढच्या दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, सुईच्या टोकाहून लहान असा एक उंचवटा आपलं काय व्हायचं ते ठरवतो. ढगाळ हवा राहिली, शेंडा नुसताच पळत सुटला, तर घडाची बाळी होते. आणि हे ठरवण्यात मोठा हात असतो जिबरेलिन या संप्रेरकाचा: ते वाढलं, की बाळी. बागेतल्या बोलीत त्याचं नाव नुसतं 'जीए'.

आता गंमत बघा. हाच बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर जीएची पावडर विकत आणतो. ती साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवतो, आणि मणी फुगावेत म्हणून एकेक घड त्या द्रावणात बुडवतो. आपल्या बिनबियांच्या द्राक्षात बी अगदी लवकर खुरटतं. बीच नाही, तर मण्याला 'वाढ' म्हणून सांगणार कोण? तो निरोप मग मगातून द्यावा लागतो. उलट उन्हाळ्यात हाच माणूस वेलीचं स्वतःचं जीए तयार होऊ नये म्हणून सीसीसी नावाचं वाढरोधक फवारत आला. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याच सीसीसीचा अंश सापडला, माल नाकारला गेला, आणि तेव्हापासून ते नाव बागेत दबक्या आवाजात घेतलं जातं.

जीए हे एकच रसायन. एका हंगामात हवंहवंसं, दुसऱ्यात नको. असं का? तर त्या रसायनात स्वतःची अक्कल काहीच नसते. आत्ता माझा आवाज घेऊन निघालेल्या लहरी तुमच्या खोलीतून आरपार जात आहेत. रेडिओ बंद असेल, तर भिंतीला त्याचा काय पत्ता? संप्रेरकाचंही तसंच. ते ऐकणारं प्रथिन पेशीत असावं लागतं, त्याला म्हणतात ग्राही. आणि ऐकल्यावर करायचं काय, हे ज्या-त्या पेशीचं ज्या-त्या वेळचं काम.

जिबरेलिनची ओळख पटली ती एका रोगामुळे. भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढायची, फिकी पडायची आणि दाणा न धरताच कोलमडायची. जपानी शेतकरी त्यांना 'मूर्ख रोपं' म्हणत. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं, की ही करणी एका बुरशीने सोडलेल्या द्रव्याची आहे. पण ते द्रव्य ऐकणारा ग्राही सापडायला 2005 साल उजाडलं. तोही भातातच, नागोया विद्यापीठात. त्याचं नाव जीआयडी-वन. पुढे 2008 मध्ये त्याची घडण दिसली, तेव्हा कळलं की हा एक झाकणवाला डबा आहे. जिबरेलिन आत बसलं की झाकण लागतं, आणि त्या लागलेल्या झाकणाची बाहेरची बाजू 'डेला' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पकडते. डेला म्हणजे वाढीला लावलेला ब्रेक. पकडला गेला की त्याच्यावर खूण होते आणि पेशी त्याचा भुगा करते. म्हणजे जिबरेलिन वाढ करत नाही, अडसर काढतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्या ताटातली पोळी या फरकावर उभी आहे. खत दिलं की जुना उंच गहू ओंबीच्या भाराने लोळायचा. जपानच्या नोरिन-10 या बुटक्या गव्हाचं रक्त मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या वाणांत आलं, आणि 1966 मध्ये आपण ते बियाणं जहाजांनी 18,000 टन मागवलं. त्या गव्हात जिबरेलिन भरपूर आहे, ग्राहीही ठणठणीत आहे. फक्त डेलाचा जो भाग झाकणाने पकडायचा, तोच तुटलेला. ब्रेक निघतच नाही. हे नेमकं कळलं 1999 मध्ये, म्हणजे तीस-बत्तीस वर्षं तो गहू खाऊन झाल्यावर!

मग वाटेल, ग्राही बिघडला तर फक्त उंचीच जाते. तसं नाही. मोहरीच्या कुळात अरेबिडॉप्सिस नावाचं एक किडमिडीत तण आहे, संशोधकांचं लाडकं. त्यात हे ग्राही तीन. एखादा काढून टाकला तर झाडाला काही वाटत नाही. पण ठरावीक दोन काढले की देठ खुजा होतो, आणि वेगळी जोडी काढली तर झाड बऱ्यापैकी वाढतं, फूलही येतं, मात्र पुंकेसर आखूड राहतात. पराग वर कुक्षीपर्यंत पोचतच नाही. फूल आहे, बी नाही. तिन्ही काढले, तर साल सोलल्याशिवाय बी रुजत नाही, आणि रुजलं तरी टीचभरही न होणारं वांझ रोप मिळतं. भाताकडे तर ग्राही एकच. तो गेला की उंचीही गेली आणि दाणाही.

म्हणजे अरेबिडॉप्सिसला नि भाताला बी धरायला जिबरेलिन ऐकू यावं लागतं, आणि द्राक्षवेलीला घड धरायला ते ऐकू न आलेलं बरं! याचा पुरावा शॅम्पेनच्या एका द्राक्षात सापडला. पिनो मनिए हे त्याचं नाव. मनिए म्हणजे गिरणीवाला, कारण कोवळी पानं पीठ उडाल्यासारखी पांढुरकी. या वेलीच्या बाहेरच्या कातडीत एक जनुक बदललेलं आहे, आतल्या अंगात ते मूळचंच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी फक्त त्या कातडीच्या पेशींपासून टिश्यू कल्चरने रोपं केली. 2002 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की डेलातल्या एका अमिनो आम्लाचा हा फेर आहे, गव्हासारखाच. वेल बुटकी झाली, कुंडीत मावेल एवढी. आणि पेरापेरावर, जिथे बाळी यायची, तिथे घड!

हे मी आमच्या ओळखीच्या एका जुन्या बागायतदारांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी फोटो नीट पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "घड मोजले मी. आता ते पोसायला पानं किती आहेत, ते मोजून सांगा."