बर्फातून वर येणारे बुटके आयरिस

मंडळी, टोरोंटोत बाग करायची म्हटलं की आपल्याला आधी थंडीची धास्ती वाटते. उणे वीसमध्ये काय जगणार, असं सगळेच विचारतात. आज ज्या बुटक्या आयरिस फुलझाडांबद्दल बोलायचंय, त्यांना थंडी हवीच असते. दहा-बारा आठवडे कंद गारठ्यात राहिला नाही, तर फुलाचा दांडा नीट वर येत नाही. कंदवाल्या आयरिसचा घात होतो तो उन्हाळ्यातल्या पाण्याने.

आयरिस रेटिक्युलाटा मूळचा तुर्कस्तान, कॉकेशस, इराणकडच्या डोंगरांतला. तिथे हिवाळाभर बर्फ, वसंतात बर्फ वितळल्याची ओल आणि मग सगळा उन्हाळा ठणठणीत कोरडा. पानं वाळली की कंद विश्रांती घेतो. नेमकं तेव्हाच आपण शेजारच्या पेटुनियांना रोज पाणी घालतो. कंद कुजतो आणि बोल लागतो हिवाळ्याला!

कंद घेताना हातात धरून बघा. वर तपकिरी धाग्यांची जाळी असते, आत तो पांढरा आणि घट्ट हवा. शाई सांडल्यासारखे काळे डाग दिसले तर ती बुरशी. असा कंद वाफ्यात नको आणि कंपोस्टमध्ये तर नकोच. ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, भरपूर उन्हाच्या उतारावर १० सेंटिमीटर खोल लावा. माती चिकण असेल तर बारीक खडी सढळ हाताने मिसळा. बर्फ वितळू लागला की पानांची टणक टोकं वर येतात. पान चौधारी असतं, बोटांत फिरवलं की कडा जाणवतात. फुलाची उंची वीतभरही नसते. फुलं गेल्यावर पानं फूटभर वाढतात, बागेत पसारा दिसतो. तरीही ती कापायची नाहीत, पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्याच जिवावर तयार होतं.

यांचाच भाऊबंद, पिवळाधमक आयरिस डॅनफोर्डिए पहिल्या वर्षी छान फुलतो, मग त्याच्या कंदाची बारीक बारीक पिल्लं होतात आणि ती फुलायच्या आकाराची व्हायला वर्षं जातात. १५ सेंटिमीटर खोल लावलं तर थोडा फरक पडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ‘कॅथरीन हॉजकिन’ हा वाण घ्यायला सांगेन. इंग्लंडच्या ई. बी. अँडरसन यांनी विनोग्राडोवी आणि हिस्ट्रिऑइडिस या आयरिसच्या दोन जातींच्या संकरातून तो तयार केला. फिकट निळ्या पाकळ्या, त्यांवर गडद रेघा आणि पिवळी झाक. जोमदार आहे, दरवर्षी वाढत जातो.

आणि आपल्या अगदी जवळचा बुटका आयरिस म्हणजे आयरिस लॅकस्ट्रिस. जगात तो फक्त ग्रेट लेक्सच्या परिसरात होतो. आपल्या ऑन्टारिओत ब्रूस द्वीपकल्पावर चुनखडीच्या पातळ मातीत त्याची निळी चादर दिसते. मिशिगनने १९९८ साली त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. तो दुर्मीळ आहे, किनाऱ्यांवर बांधकामं वाढतायत, म्हणून रानातून एकही रोप उपटू नका. रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या. त्याला कंद नसतो, जमिनीलगत आडवी खोडं पसरतात, ती अगदी वरवर लावायची. थोडी सावली आणि उन्हाळ्यातही ओल लागते, त्यामुळे रेटिक्युलाटाच्या वाफ्यात त्याला जागा देऊ नका.