वाशिष्ठीची खाडी भरते म्हणजे काय होतं

नमस्कार मंडळी, आज वाशिष्ठीच्या खाडीबद्दल बोलूया, चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून खाली दाभोळ-अंजनवेलच्या मुखापर्यंत. गोवळकोट एके काळी बंदर होतं, गलबतं माल घेऊन तिथपर्यंत यायची. आता लोक म्हणतात खाडी गाळाने भरली, आणि ते खरंच आहे, पण हा गाळ येतो कुठून आणि बसतो का ते नीट बघायला हवं.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरून पाणी जोरात खाली येतं, दगडगोटे आणि जाड रेती वरच राहते, बारीक माती मात्र खाडीपर्यंत पोचते. तिथे गोडं पाणी खाऱ्याला मिळालं की मातीचे सुटे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसायला लागतात. त्यात भरती पूर्ण झाल्यावर ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ थांबतं ना, तेवढ्यात बराच गाळ खाली बसतो. आणि उथळ खाडीत बऱ्याचदा भरती कमी वेळात जोराने आत शिरते, ओहोटी सावकाश उतरते, म्हणून आत आलेला सगळा गाळ परत बाहेर जात नाही. तो मोठ्या प्रमाणात बाहेर काढायची ताकद पावसाळ्यातल्या पुरातच.

काठाचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी पायथा पोखरतं आणि मग वरचा काठ माडांसकट कोसळतो, आतल्या बाजूला पाणी मंद असतं तिथे गाळ साचून नवी जमीन वर येते, तिच्यावर कांदळवन उगवलं की मुळांमुळे पाणी अजून मंद होतं आणि गाळ अजून बसतो. म्हणजे एकाची बाग जाते आणि समोर जमीन वाढते!

आता सक्शन पंपाने रेती उपसली की तळाला खोल खड्डा पडतो, तो भरायला बाजूची माती सरकते, काठ ढासळतो, खारबंधारा फुटला तर खारं पाणी भातशेतीत शिरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा जमिनीतलं मीठ धुवून निघायला पुढचे पावसाळे जातात आणि तोवर त्या घराचं पीक बुडतं.

२२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकर विसरणार नाहीत, वरून प्रचंड पाऊस आणि खालून पौर्णिमेजवळची भरती, पाण्याला उतरायला वाटच मिळेना. त्यानंतर नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली, ते गरजेचंच होतं. पण काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पुढच्या पावसात तो परत नदीत येणार, आणि खाडीचा तळ फार खोल केला तर खारी भरती आणखी आत चढू शकते. म्हणून तुमच्या गावाजवळ गाळ काढायचं काम आलं तर ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा : गाळ नेऊन टाकणार कुठे, आणि किती खोल काढणार.