तीस मीटरचा काठ

चाळीसगावात उभं राहून वर्गसमीकरणावर बोलायचं, तर सुरुवात पाटणादेवीपासून करायला हवी. तिथल्या शिलालेखात नोंद आहे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. तेरावं शतक तेव्हा नुकतंच लागलं होतं. आपल्या या डोंगरात कुणी वर्गसमीकरणं सोडवत बसलं असेल, हे मनात आलं की मला आजही भरून येतं.

त्या आजोबांच्या ‘बीजगणिता’त वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा. तेवढी वानरं गुहेत शिरली. एकच फांदीवर दिसतंय. कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. भास्कराचार्य ५ सोडून देतात. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २. वर्ग ४, त्यात फांदीवरचं एक, झाले ५. आकडा जुळला, पण उणे दोन वानरं असतात का? लोकांना हे पटत नाही, असं ते स्वच्छ लिहितात. दुसऱ्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय आणि १२ टेकडीवर आहेत. तिथे १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरं ते ठेवतात.

आता शेततळं घ्या. जागा ४० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास १२ गुंठे. चारही बाजूंना सारख्या रुंदीचा काठ सोडायचा आणि पाण्याला ६०० चौरस मीटर हवेत. काठ क्ष धरला, तर (४० − २क्ष)(३० − २क्ष) = ६००. सोडवलं की क्ष ५ किंवा ३०. तीस मीटरच्या जागेत तीस मीटरचा काठ! मुलं लगेच त्यावर काट मारतात. मी म्हणतो, थांबा, आधी ताळा करा. लांबी उणे २०, रुंदी उणे ३०, गुणाकार ६००. समीकरण खोटं बोललेलं नाही. हे तेच उणे दोन वानर आहे. जागेची मर्यादा आपण समीकरणाला सांगितलीच नव्हती.

केळीत मात्र दोन्ही उत्तरं शेतात उभी राहतात. समजा, एकरी १,६०० खोडं आणि २० किलोची रास, म्हणजे एका घडाचं सरासरी वजन २० किलो. दर १०० खोडं वाढवली की दाटीमुळे रास एका किलोनं उतरते, असं धरू. वाढवलेल्या खोडांचे शेकडे क्ष धरले, तर माल किती? १०० × (१६ + क्ष)(२० − क्ष) किलो. क्ष शून्य असताना ३२० क्विंटल. क्ष ४ असताना, म्हणजे २,००० खोडांवरही, ३२० क्विंटलच! जास्तीच्या ४०० रोपांचा पैसा, त्यांचं खत, त्यांचं ठिबकचं पाणी, सगळं गेलं आणि माल तेवढाच. वर घड बारीक, म्हणजे व्यापारी भावातही कापणार. या दोन उत्तरांच्या बरोबर मध्ये, १,८०० खोडांवर, १८ ची रास पडून ३२४ क्विंटल. सोळाशेपेक्षा चारच क्विंटल जास्त. दोनशे रोपांचा खर्च तेवढ्यात निघतो का, ते त्या वर्षीचा भाव ठरवेल. तुमच्या वावरात रास किती उतरते, ते तुमच्या गेल्या दोन-तीन कापण्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्यांत सापडेल. त्या घेऊन या, आपण फळ्यावर मांडू.