पार्ल्यात राहायला किती लागतात?

(विलेपार्ले पूर्व येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी माझी ओळख करून देताना 'अर्थतज्ज्ञ' असा शब्द वापरला गेला. तो आधी मागे घ्यायला लावतो. मी एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर सोळा वर्षं काढली. लोकांच्या पगाराच्या स्लिपा बघायच्या, त्यांच्या घरात किती माणसं खातात ते विचारायचं आणि किती हप्ता झेपेल ते सांगायचं, एवढंच माझं शास्त्र. निवृत्त झाल्यावरही लग्नकार्यात कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, "काका, पार्ल्यात घर घ्यायचं तर पॅकेज किती पाहिजे हो?"

आज तो हिशेब मांडूनच टाकू. नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि वर्षातले सहा महिने गावाहून येऊन राहणारी आई. माणसं नेहमीचीच, तुमच्याआमच्यातली.

आधी घर सोडून बाकीचा खर्च. हे आकडे आमच्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी मला वहीतून वाचून दाखवले, मी फक्त ते गोल केले. वाणसामान, दूध, भाजी, फळं मिळून 25 हजार. मुलांची शाळा, क्लास आणि एकाचा तबला, 25 हजार. पोळ्यावाल्या मावशी आणि धुणंभांडी, 9 हजार. वीज, गॅस, इंटरनेट, चार मोबाइल, 7 हजार. मेंटेनन्स 6, जाणंयेणं 6, आईची औषधं 6. मेडिक्लेमचा हप्ता महिन्याला वाटून घेतला तर 4. आणि शेवटी कपडे, सणवार, आहेर, वर्षातून एकदा कोकण किंवा केरळ, यासाठी 12 हजार. बेरीज बरोब्बर एक लाख येते. इतक्या गोल आकड्याचा मला बँकेतल्या सवयीने संशय आला, म्हणून मी दोनदा तपासला. तरी येतो लाखच. यात हॉटेल कुठे आहे, असं विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, "सणवारात घाला." यावर 30 हजार शिल्लक टाकायलाच हवी. म्हणजे महिन्याला 1 लाख 30 हजार.

आता घर. समजा 600 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, आणि दर फुटाला 40 हजार रुपये. दर कमीजास्त असेल, पण इथे बसलेल्यांपैकी कोणी हसलेलं दिसत नाही, त्याअर्थी फार चुकलेला नसावा. किंमत झाली 2 कोटी 40 लाख. 75 लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे कर्ज 1 कोटी 80 लाख आणि उरलेले 60 लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क मुंबईत 6 टक्के, म्हणजे 14 लाख 40 हजार. ते बँक किमतीत धरत नाही. नोंदणीचे 30 हजार. किल्ली हातात पडण्याआधीच पंचाहत्तर लाख खात्यातून गेलेले असतात. लोक पगार विचारतात, पण माझ्या टेबलावरची निम्मी प्रकरणं अडायची ती या पंचाहत्तर लाखांवर.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे 2 लाख 40 हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर काही नाही. हे सांगितलं की टेबलापलीकडे जी शांतता पसरायची, तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल.

8 टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता दीड लाखाच्या जरा वर. पहिल्या हप्त्यातले 1 लाख 20 हजार व्याजात जातात, घराच्या वाट्याला येतात तीस. शिवाय नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून हातात यायला हवेत 2 लाख 80 हजार, वर्षाचे 33 लाख 60 हजार.

इथे एक गंमत आहे. एकटा नवरा कमावत असेल तर एवढे हातात पडायला त्याचा पगार हवा सुमारे 42 लाख. तेच दोघं सारखे कमावत असतील तर प्रत्येकी साडेअठरा लाखांच्या आत भागतं, एकूण 37 लाखांपेक्षा थोडे कमी. हा हिशेब 2025-26 च्या नव्या करप्रणालीचा आहे, त्यात पीएफची कपात धरलेली नाही. चूल तीच, माणसं तीच, पण कर माणसावर बसतो, घरावर नाही, म्हणून एकट्या कमावत्याला पाच लाख जास्त मिळवावे लागतात.

भाड्याने राहायचं तर? भाडं 75 हजार धरा. वर डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचं भाडं, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा करार. हातात यायला हवेत वर्षाचे 24 लाख 60 हजार. एकटा कमावणारा असेल तर पगार 29 लाख. दोघं असतील तर प्रत्येकी 12 लाख 30 हजार, आणि त्यावर सध्या दोघांनाही आयकर शून्य, कारण 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराचे पावणेतेरा लाखांपर्यंत करमुक्त होतात. भाडी चढण्याचं एक कारण आपल्या गल्लीतच आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की वीसेक कुटुंबं एकदम बाहेर पडतात. मुलांची शाळा इथे, आजोबांचे डॉक्टर इथे, म्हणून सगळ्यांना घर पार्ल्यातच हवं. भाडं बिल्डर देतो, त्यामुळे घासाघीसही फार होत नाही. त्याच घरासाठी स्वतःच्या पगारातून भाडं भरणारा मागे रेटला जातो.

आता तिसरं कुटुंब. ते मीच आहे. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. 1968 साली ते एका सहकारी सोसायटीचे सभासद झाले. 450 फुटांचे दोन खोल्यांचे घर, 27 हजार रुपये. पगार तेव्हा साडेचारशे. म्हणजे पाच वर्षांच्या पगारात घर. त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या, ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक दिवाळीत निघायची. आज त्याच जातीच्या खुर्चीत बसणाऱ्याचा पगार महिना 60 हजार धरा आणि तेवढ्याच घराची किंमत 1 कोटी 80 लाख. पंचवीस वर्षांचा पगार, तोही न जेवता. मोडायला पाटल्या किती लागतील?

मला हप्ता नाही, भाडं नाही. माझ्या मुलाचं कुटुंब याच घरात राहतं. त्यांना महिन्याला तेच 1 लाख 30 हजार लागतात, वर्षाचे 15 लाख 60 हजार. एकाच जिन्यावर समोरासमोर तीन दारं आहेत असं समजा. दोघं कमावते धरले तर एका दारामागे साडेपंधरा लाखांत भागतं, दुसऱ्यामागे साडेचोवीस लागतात, तिसऱ्यामागे सदतीस. भाजी एकाच गाडीवरची, मुलं एकाच शाळेत. म्हणून पॅकेज विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "तुझे आजोबा पार्ल्यात कधी आले?" तो हसतो. मी थट्टा करत नसतो.

अर्थात आजोबांचं घर असलेलेही निर्धास्त नाहीत. विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेमुळे पार्ल्यातल्या कित्येक इमारतींचा पुनर्विकास अडतो. ज्यांचा होतो, त्यांचं काय? माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, दोघं सत्तरी पार केलेली, पेन्शन 38 हजार. जुन्या घरात मेंटेनन्स अडीच हजार होता आणि 500 फुटांच्या आतलं घर म्हणून 2022 पासून मालमत्ता कर माफ. नव्या टॉवरमध्ये 620 फूट मिळाले. दोन लिफ्ट, जिम, तळमजल्यावर संगमरवर. मेंटेनन्स 11 हजार, आणि घर पाचशेच्या वर गेल्यामुळे कर सुरू. कॉर्पसचे, म्हणजे पुनर्विकासात बिल्डरने दिलेले एकरकमी पैसे मुदत ठेवीत टाकलेत, त्याचं व्याज मेंटेनन्समध्ये जातं. कागदावर दोघं अडीच कोटींचे धनी आहेत. परवा आजोबा जिमच्या दारात उभे होते. मी विचारलं, "काय, व्यायाम?" म्हणाले, "पैसे भरतोय, निदान एसी खातो."

विका आणि बोरिवलीला जा, असा सल्ला त्यांना त्यांच्या मुलाने दिला. हिशेबाने तो बरोबर आहे. पण त्यांचं रक्त तपासणारा, त्यांची औषधं घरी पोचवणारा, रात्री अकराला जिना चढून येणारा डॉक्टर, हे सगळं चारशे पावलांत आहे. नव्या जागी तेच विकत घ्यायला काय पडेल, हे माझ्या कोष्टकात मला कधीच बसवता आलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती मघाच्या बेरजेत नऊ हजारांच्या खाली दडली आहे. दोघं कमावते म्हणून जे पाच लाख वाचले, ते कधी वाचतात? सूनबाई 8:12 ची लोकल गाठते तेव्हा. ती गाठायची तर साडेसातला चार डबे भरलेले हवेत. ते भरणाऱ्या मावशी नालासोपाऱ्याहून येतात. पहाटे साडेचारला उठतात, स्वतःच्या घरच्या पोळ्या करून निघतात. पार्ल्यात त्यांची चार घरं आहेत, महिन्याला 24 हजार होतात, त्यातले 7 हजार खोलीच्या भाड्याला. गाडी रखडली तर पहिल्या घराचा डबा चुकतो आणि तिथून पुढे सगळ्यांचाच दिवस घसरतो.

व्याख्यानाचा विषय मी त्यांना आज सकाळी सांगितला. कणीक मळता मळता म्हणाल्या, "म्हणजे पार्ल्यात राहायचं तर महिन्याचे किती म्हणता?" मी म्हटलं, "दोन लाख ऐंशी हजार." हात थांबला नाही त्यांचा. गेल्या महिन्यात त्यांनी पाचशे रुपये वाढवून मागितले होते. आमच्याकडे त्यावर दोन दिवस चर्चा चालली.