चाकोऱ्या

नमस्कार, श्रोतेहो.

८ ऑगस्ट १९३८. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनहून छपराच्या बैलगाड्या निघाल्या. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांचा अंमल नको म्हणून डच वंशाचे बोअर शेतकरी अशाच गाड्या जुंपून उत्तरेला गेले होते. ही त्यांची स्मरणयात्रा. वाटेवरच्या गावांत बायका आजीच्या काळची टोपडी घालून सामोऱ्या आल्या. गाडीपाशी बाळांचे बाप्तिस्मे झाले. आसाचं वंगण लोकांनी रुमालाला पुसून घरी नेलं आणि ओल्या सिमेंटवरून गाडी नेऊन चाकांच्या खुणा जपल्या.

एवढी भक्ती आली कुठून? मला तिच्या मुळाशी भूक दिसते. १९३२ साली गोऱ्यांच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या कार्नेगी आयोगाने सुमारे तीन लाख गोरे अतिशय दरिद्री असल्याचं नोंदवलं. त्यांतले बहुतेक आफ्रिकानर, म्हणजे याच बोअरांची लेकरं. शेत सुटलं म्हणून जोहान्सबर्गला यावं, तर खाणीचा मालक इंग्रजी बोलणारा आणि शेजारी त्याहून कमी मजुरीवर राबणारा काळा कामगार. दोघांच्या पोटातली आग एकच होती. पण आफ्रिकानर पुढाऱ्यांनी गोऱ्याला शिकवलं, की तुझा घास हा शेजारी पळवतोय. पंतप्रधान हर्टझॉग यांच्या सरकारने रेल्वेत गोऱ्यांची भरती केली, १९२६ च्या कायद्याने खाणीतली कसबाची कामं काळ्यांना बंद केली, आणि १९३६ मध्ये केप प्रांतातल्या काळ्या मतदारांना गोऱ्यांसोबतच्या सामाईक मतदारयादीतून उठवलं.

यात्रेचा सूत्रधार हेनिंग क्लॉपर हाही रेल्वेतलाच माणूस, आफ्रिकानरांच्या ब्रूडरबंड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक.

१६ डिसेंबरला प्रिटोरियाजवळच्या टेकडीवर लाखभर लोकांसमोर त्या बोअर पूर्वजांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. त्याच दिवशी आफ्रिकानर पुढारी डी. एफ. मलान ब्लड रिव्हर नदीच्या काठी बोलत होते. १८३८ मध्ये याच तारखेला, याच काठावर बोअरांच्या बंदुकांपुढे सुमारे तीन हजार काळे झुलू योद्धे पडले होते. आता नवी रणभूमी शहर आहे, तिथे गोरा आणि काळा कामासाठी समोरासमोर उभे आहेत, असं मलान यांनी सांगितलं. दहा वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

श्रोतेहो, या तारखेची आणखी एक आठवण आहे. १६ डिसेंबर १९३० रोजी डर्बनमध्ये काळे कामगार आपले पास जाळायला जमले होते. स्वतःच्याच देशात फिरण्यासाठी जवळ बाळगावे लागणारे ते परवाने. पोलीस तुटून पडले. जमावाचा पुढारी जोहानेस न्कोसी त्यात मारला गेला.