ख्रिसमसच्या माळा: फिलॅमेंटची ऊब आणि एलईडीची निवड

टेबलावरची ही माळ अमेरिकी बनावटीची आहे, पन्नास बल्बांची. यातला एक बल्ब होल्डरमधून उपसतो. सगळी माळ विझली. आता त्याच जागी उडालेला बल्ब बसवतो. तेवढा एक काळा राहिला, बाकीचे एकोणपन्नास पेटले. हे कसं, तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेत घरात 120 व्होल्ट येतात. हे बल्ब अडीच व्होल्टचे, पन्नास सिरीजमध्ये म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले, म्हणून ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतात. शंभरच्या माळेत अशा दोन सिरीज असतात; अर्धी माळ गेली तर दोष त्या अर्ध्यातच शोधायचा. बल्ब डोळ्याजवळ धरा. फिलॅमेंटच्या, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारेच्या खाली, दोन उभ्या तारांना बारीक तारेचे वेढे दिसतील. हा शंट. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, अडीच व्होल्टला तो दाद देत नाही. फिलॅमेंट तुटलं की त्या एकट्या बल्बवर सगळे 120 व्होल्ट येतात, थर फुटतो आणि वीज शंटमधून पुढे जाते. बल्बच उपसला तर शंटही त्याच्यासोबत बाहेर येतो, म्हणून माळ विझते.

मात्र उडालेल्या बल्बचा बोजा बाकीच्यांवर पडतो. पन्नास शाबूत असताना प्रत्येकाला 2.4 व्होल्ट मिळतात. दहा गेले की उरलेल्यांना 3. माळ लख्ख दिसायला लागते आणि मग बल्ब पटापट उडतात. उडालेला बल्ब त्याच दिवशी बदलला तर हे टळतं. कधी शंट जोडलाच जात नाही. मग एकेक बल्ब बदलत जावं लागतं.

विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं ख्रिसमस ट्री 1882 मध्ये न्यूयॉर्कला उभं राहिलं. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरात लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी बल्ब लावले होते. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं सणाचा रंग म्हणजे फिलॅमेंटचा रंग, हे डोळ्यांत बसलं आहे. एलईडीची माळ पाहून ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटणाऱ्यांना मी हट्टी म्हणणार नाही. त्यांना दिसतं ते खरं आहे.

हा फिलॅमेंटचा निळा बल्ब पाहा. आतला उजेड पिवळट, त्यात निळा भाग जेमतेम. काचेवरचा रंग लाल-पिवळा सगळा अडवतो आणि उरलेला थोडासा निळा बाहेर सोडतो. म्हणून तो खोल आणि मंद दिसतो. निळ्या एलईडीत निळा उजेड थेट तयार होतो, काही गाळावं लागत नाही. त्यात अंधारात आपला डोळा निळ्या-हिरव्याला जास्त संवेदनशील होतो, आणि निळ्या किरणांचा फोकस डोळ्यातल्या पडद्याच्या थोडा अलीकडे पडतो. त्यामुळे तो दिवा टोचतो आणि भोवती धूसर वलय दिसतं. मिश्र रंगांच्या माळेत निळे दिवे बाकीच्यांना झाकोळतात ते यामुळेच.

दुसरी तक्रार थरथरण्याची. स्वस्त माळेत विजेच्या लाटेचा अर्धा भागच वापरला जातो. अमेरिकेत असे दिवे सेकंदाला साठ वेळा विझतात, आपल्याकडे पन्नास वेळा. तपासायला अंधारात पेटत्या माळेचं टोक झपकन हलवा. सलग रेघ दिसली तर ठीक, ठिपके सुटे दिसले तर ती माळ घेऊ नका. फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या, म्हणजे लाटेचे दोन्ही भाग वापरणाऱ्या माळेत ही वारंवारता दुप्पट होते, आणि डोळ्याला त्रास बराच कमी होतो. फिलॅमेंट मधल्या क्षणात थंड होत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न जाणवत नाही.

खर्चाचा हिशोब मात्र एकतर्फी आहे. फिलॅमेंटची शंभरची माळ साधारण 40 वॅट खाते. रोज सहा तास, तीस दिवस लावली तर 7.2 युनिट. तेवढीच एलईडीची माळ 5 वॅटची असेल तर 0.9 युनिट. छपराच्या कडेला लावायचे मोठे सी-नाइन बल्ब 7 वॅटचे असतात. पंचवीस लावले तर 175 वॅट, आणि हात भाजेल इतके तापतात. बाहेर आणि वाळक्या झाडावर एलईडीच लावावेत, यात मला शंका नाही.

एलईडी बिघडतात ते बहुधा दिव्यामुळे नाही, त्याच्या तारेच्या पायांमुळे. होल्डरमध्ये पाणी शिरलं की बारीक पाय गंजतात. रेक्टिफाय केलेली वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे ओलाव्यात झीज झपाट्याने होते. बाहेरसाठी सीलबंद माळ घ्या. ती दुरुस्त होत नाही, पण पावसात टिकते. फिलॅमेंटसारखा पिवळट उजेड हवा तर घेताना खोक्यावर 2700 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किंवा कमी लिहिलंय का पाहा. दिव्याच्या टोकाला खळगा असेल तर उजेड बाजूंनाही पसरतो, नाहीतर एकाच दिशेला झोत पडतो.

एक जागा फिलॅमेंटचीच: बबल लाइट, म्हणजे बुडबुडे येणाऱ्या नळीचा दिवा. नळीत मेथिलीन क्लोराइड असतं, ते सुमारे 40 अंशांना उकळतं. खालच्या बल्बची उष्णता नसेल तर बुडबुडे येणार नाहीत. नळी फुटली तर खिडक्या उघडा, द्रव हाताने पुसू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली माळ वसईत किंवा मडगावात थेट प्लगला लावू नका. 230 व्होल्टवर प्रत्येक बल्बला 4.6 व्होल्ट मिळतील, आणि अख्खी माळ क्षणात उडेल. 230 चे 110 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो; शंभरच्या एका माळेला 100 व्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) पुरे. आणखी माळा जोडायच्या तर सगळ्यांच्या वॅटची बेरीज करून मगच ट्रान्सफॉर्मर निवडा.